तबकडीवर नसलेले नाव

गेल्या श्रावणातली गोष्ट. रोह्याचे आमचे आजोळचे घर दुरुस्तीला काढायचे ठरले, तेव्हा माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. माळा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मोडका पाळणा, दांडी नसलेल्या छत्र्या, पितळी घंगाळ, कोणाच्या तरी मुंजीतले पाट, असे एकेक खाली उतरत असता शेवटी एक पत्र्याची ट्रंक आली. ती उघडली आणि मी तिथेच धुळीत फतकल मारून बसलो. आत मामांच्या तबकड्या होत्या.

आमचे मामा म्हणजे त्या काळच्या रोह्यातले एक बडे प्रस्थ. त्यांच्याजवळ चावीचा फोनो होता, आणि बॅटरीवर चालणारा कर्णाही होता. लग्न असो, मुंज असो, नाहीतर सत्यनारायण, मामांना बोलावणे ठरलेले. मी सुट्टीत आजोळी गेलो की त्यांचा मदतनीस. टाचण्यांची डबी सांभाळणे, प्रत्येक तबकडीला नवी टाचणी देणे आणि चावी संपत आली, गाणे रडू लागले, की धावत जाऊन हँडल फिरवणे, ही माझी कामे. १९५७ च्या आसपासची ही हकिकत. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले.

मामांची एक शिस्त होती. तबकडी लावण्यापूर्वी ती दोन्ही तळहातांवर आडवी धरून तिच्या मधल्या गोल कागदावरचा मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवीत. चित्रपट अमुक, गाणारे अमुक, संगीत अमुक. "ज्याचं गाणं ऐकायचं त्याचं नाव आधी घ्यावं," असे ते म्हणत. एकदा असेच 'अलबेला'तले एक नाचाचे गाणे लागले होते. मधेच एक ट्रंपेट असे काही खणखणून गेले की अंगणात खेळणारी पोरेसुद्धा थबकली. मी विचारले, "मामा, तो पिपाणी वाजवणारा कोण?"

मामांनी गाणे संपू दिले. मग तबकडी उचलली, एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, आणि म्हणाले, "लिहिलेलं नाही रे बाबा."

मामांना एखादी गोष्ट ठाऊक नाही, असे मी प्रथमच पाहत होतो. म्हणूनच बहुधा ते वाक्य माझ्या मनात राहिले.

ट्रंक गाडीत घालून मी मुंबईस परत निघालो. वाटेत पेणला थांबायचे होते, कारण घरच्या गणपतीची मूर्ती आम्ही तिथूनच आणतो. श्रावणातले पेण ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावे. गल्लीबोळांत कारखाने, कारखान्यांत फळ्या, आणि फळ्यांवर छतापर्यंत गणपतीच गणपती. कोणी अजून पांढरेफटक, कोणी पीतांबर नेसलेले, कोणी दागिन्यांसाठी खोळंबलेले. इथे एक माणूस साच्यातून मूर्ती काढतो, दुसरा हात आणि सोंड जोडतो, तिसरा अंगाला रंग देतो. आणि सर्वांत शेवटी येतो तो डोळे आखणारा. ही आखणी कारखान्यातला सर्वांत जाणता हात करतो, कारण डोळे उघडल्याशिवाय मातीचा देव होत नाही.

त्या आखणी करणाऱ्या गृहस्थांना मी सहज विचारले, "एवढं सुंदर काम करता, मूर्तीवर कुठं नाव घालीत नाही का?"

ते हसले. कुंचला बाजूला न ठेवताच म्हणाले, "काका, नाव कशाला? आपण काय, दहा दिवसांनी पाण्यात जायचं."

उत्तर खरेच होते. पण गाडीत बसल्यावर माझ्या मनात आले, आमच्या या दोन गावांची ही काय गंमत आहे! पलीकडे रोहे. तिथल्या चिंतामणराव देशमुखांची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची, सही १९४३ नंतरच्या नोटांवर साऱ्या देशाच्या खिशात फिरली. आणि अलीकडे पेण. इथल्या हातांचे काम देशभर, परदेशांतसुद्धा जाते, आणि त्यावर कोणाचीच सही नाही. मूर्तीचे एक वेळ ठीक, तिचे विसर्जन होते. पण तबकडीचे तर होत नाही ना? ती साठ-सत्तर वर्षे ट्रंकेत टिकते. मग तिच्यावर डोळे आखणाऱ्याचे नाव का नसावे?

मामांना जे ठाऊक नव्हते ते आज शोधले तर सापडते. म्हणून त्या पिपाणीवाल्याची गोष्ट आज वाचकांना सांगतो.

त्याचे खरे नाव आंतोनियो झेव्हियर वाझ. गाव गोव्यातले हळदोणे, जन्म १९१६ चा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. त्या राज्याने गोमंतकीयांना फारसे काही दिले नाही, परंतु एक गोष्ट गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मिळे. मुलांना तिथे अक्षरओळखीबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. पाच ओळींवर काढलेले ते काळे ठिपके दहा-बारा वर्षांचे पोर वर्तमानपत्रासारखे वाचू लागे. ही विद्या घेऊन गोव्याचे तरुण पोटापाण्यासाठी मुंबईस येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत पथारी टाकीत, आणि जिथे वाद्य वाजवायला मिळेल तिथे वाजवीत. मूकपटांची थिएटरे, लग्नाचे बँड, पलटणी, संस्थानिकांचे दरबार, आगबोटी, हॉटेले, काही वर्ज्य नव्हते.

१९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक नवल घडले. लिऑन ॲबी या निग्रो वादकाचा बँड अमेरिकन जाझ घेऊन आला. जाझ म्हणजे काय, हे आपल्या रसिकांना असे सांगता येईल. चीज ठरलेली, ताल ठरलेला, पण मधे प्रत्येक वादकाने आपल्या मनाची उपज करायची. आपल्या ख्यालगायकाला जी मोकळीक असते, तीच इथे ट्रंपेटला आणि सॅक्सोफोनला. ॲबीच्या मागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या सहवासात आणि विलायती तबकड्या पुन्हापुन्हा ऐकून आमच्या गोमंतकीय पोरांनी हे संगीत उचलले. मिकी कोरियाचा बँड तर १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये वाजत होता.

आंतोनियो वाझ याच वाऱ्यात वाढला. त्याचे दैवत होते ट्रंपेटचा अमेरिकन बादशहा लुई आर्मस्ट्राँग. त्याच्यासारखेच वाजवायचे, त्याच्यासारखेच घोगऱ्या आवाजात गायचे, हातात पांढरा रुमालही तसाच. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले, आणि त्याने स्वतः नाव घेतले चिक चॉकलेट. हसू येण्यासारखे नाव खरे, पण मुंबईच्या हॉटेलांत त्या नावाला मोठे वजन होते. त्याने स्वतःचा बँड उभा केला आणि तो ताजमध्ये गाजवला.

इथे बँड या शब्दाने वाचकांची फसगत होऊ नये. आपल्या भजनी मंडळात वीस गळे असले तरी सारे एकच चाल गातात. मोठ्या जाझ बँडात ट्रंपेट, ट्राँबोन, सॅक्सोफोन यांचे वेगवेगळे गट असतात, मागे पियानो, गिटार, बास आणि ड्रम. एकाच क्षणी प्रत्येकाच्या हातात वेगळा स्वर असतो, आणि त्या साऱ्यांची मिळून एक कमान उभी राहते. ही कमान ज्याने आधी कागदावर काढलेली असते, त्याला म्हणतात अरेंजर. आपण संगीत-संयोजक म्हणू. काम मोठ्या जिकिरीचे. ट्रंपेटवाल्याच्या कागदावर जो 'सा' लिहायचा तो पियानोच्या 'सा'पेक्षा एक स्वर वर लिहावा लागतो, कारण ते वाद्यच तसे घडलेले. प्रत्येक वाद्याचे असे निराळे नखरे सांभाळून सर्वांचे कागद एका रात्रीत तयार करणारी ही माणसे!

आता सिनेमाकडे वळू. १९५० च्या सुमारास मुंबई इलाख्यात कडक दारूबंदी आली. हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडल्या, आणि वादकांना सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचा आधार अधिकच वाटू लागला. तिथे त्यांची गाठ पडली आपल्या मराठी मातीतल्या एका विलक्षण माणसाशी. पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. गळ्यात अस्सल हिंदुस्थानी संगीत, आणि कान मात्र चारी दिशांना उघडे. चाल त्यांची, तिच्यात ट्रंपेट कुठे चमकावे, ड्रमने कुठे ठेका मोडावा, सॅक्सोफोनने गायिकेच्या ओळीमागून कशी कुजबुज करावी, ही जाण चिक चॉकलेटची. चिक त्यांचा सहायक झाला, आणि १९५१ साली 'अलबेला' आला.

'अलबेला' म्हटले की आपल्याला आठवतात भगवानदादा. गिरणगावातून आलेला हा माणूस पडद्यावर असा काही नाचला की त्याचा तो सैलसर, खांदे उडवणारा नाच महाराष्ट्रातल्या गणपतीच्या मिरवणुकीने कायमचा आपला करून टाकला. पण 'अलबेला' पुन्हा पाहण्याचा योग आला, तर एका गाण्यात नायक-नायिकेवरून नजर काढून मागे बघा. झालरीचे विलायती सदरे घातलेला एक बँड तिथे वाजवीत उभा आहे. तो खऱ्याखुऱ्या चिक चॉकलेटचा बँड. सी. रामचंद्रांनी आणि भगवानदादांनी त्यांना निदान पडद्यावर तरी आणले, हा त्यांचा मोठेपणा. मामांच्या अंगणात पोरांना थबकवणारी पिपाणी याच पडद्यामागच्या मंडळींची.

त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे होई, हेही सांगितले पाहिजे. आजच्यासारखे गायक सोमवारी, वादक मंगळवारी, असा प्रकार नव्हता. गायक, कोरस, व्हायोलिने, ढोलक, ट्रंपेट, सारा लवाजमा एका खोलीत. गाणे सुरू झाले की शेवटच्या स्वरापर्यंत एका दमात. तीन मिनिटांत तिसऱ्या रांगेतल्या एखाद्याचा स्वर घसरला, तर सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. संयोजकाने कागद चोख लिहिला नसेल तर तीस-चाळीस माणसांची दुपार वाया! आणि गाणे एकदा पसंत पडले की त्या कागदांचे काम संपले. कपाटात नीट ठेवण्याची चाल आपल्याकडे पडलीच नाही. कागद गेले, राहिली ती तबकडी. एवढाच या माणसांचा दप्तरखाना.

चिक चॉकलेटच्या या दप्तरखान्याचे तीन कप्पे पडतात. पहिला कप्पा त्याच्या स्वतःच्या बँडचा. १९४० नंतरच्या दशकात कोलंबिया कंपनीने 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या नावाने त्याच्या जाझच्या तबकड्या काढल्या. त्यांवर त्याचे नाव ठळक आहे, पण त्या विकत घेणारे थोडे, आणि आज त्या शोधाव्याच लागतात. दुसरा कप्पा, त्याने स्वतंत्रपणे संगीत दिलेल्या चित्रपटांचा. १९५१ सालीच देव आनंद आणि मधुबाला यांचा 'नादान' आला, त्याचे संगीत चिक चॉकलेटचे. तलत महमूदचे त्यातले एक गाणे जाणकार आजही गुणगुणतात, पण ते कोणी रचले हे विचारले तर दहांतले नऊ गप्प बसतील. तिसरा कप्पा सर्वांत मोठा. त्यातली गाणी देशातल्या घराघरांत वाजली, आणि त्यातल्या तबकड्यांवर त्याचे नाव नाही.

यात सी. रामचंद्रांचा दोष काढण्याचे कारण नाही. चाल ज्याची त्याचे नाव वर, हा न्यायच आहे. शिवाय त्या गोल कागदावर कोणाचे नाव घालावे, याची पद्धतच तेव्हा वेडीवाकडी होती. १९४९ च्या 'महल'मधले ते अजरामर गाणे प्रथम तबकडीवर निघाले तेव्हा गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'! कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणाऱ्या लता मंगेशकरांचे नाव नव्हतेच. खुद्द सी. रामचंद्र गायला उभे राहिले की तबकडीवर लिहिले जाई 'चितळकर', आणि हे दोघे एकच, हे कितीतरी श्रोत्यांच्या गावी नसे. गायकांनी पुढे आपले नाव मिळवले. त्यांना चेहरा होता, आवाज होता, लोक त्यांची आठवण काढीत होते. संयोजकाचा आवाज मात्र दुसऱ्यांच्या आवाजात मिसळलेला. तो वेगळा काढून दाखवायचा कसा?

ही तक्रार आपल्याच देशाची आहे असेही नाही. अमेरिकेत १९३५ साली बेनी गुडमन या क्लॅरिनेटवाल्याच्या बँडने तरुण पिढीला वेड लावले, आणि त्याला लोकांनी 'स्विंगचा राजा' म्हटले. त्या बँडच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांचे कागद लिहिले होते फ्लेचर हेंडरसन या निग्रो संयोजकाने. त्याचा स्वतःचा उत्तम बँड आर्थिक ओढाताणीत मोडला होता. गुडमनने त्याचे ऋण उघडपणे मानले, पण राजा म्हणून जग ओळखते ते गुडमनलाच.

आणि आपल्याकडे चिक एकटा नव्हता. रेईश मागूश गावचे सेबास्तियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. मुंबईत आल्यावर १९५२ पासून १९७५ पर्यंत शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे कागद त्यांनी लिहिले. शंकर-जयकिशनच्या गाण्यात गायकाच्या ओळीमागून व्हायोलिनांची जी लाट उसळते, ती आठवा, म्हणजे सेबास्तियन आठवले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी हिंदी सिनेमात अशीच वर्षे घालवली आणि १९६३ साली 'आमचें नशीब' हा कोकणी चित्रपट काढून आपल्या भाषेचे पांग फेडले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची तऱ्हा तर सर्वांत न्यारी. त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल संगीतकार म्हणून मोठे झाले, आणि १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मधल्या नायकाला गुरूचे नाव मिळाले. ते नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले, पण त्या नावाचा खराखुरा माणूस आपल्यात आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते वारले.

चिक चॉकलेट त्याआधी कितीतरी वर्षे गेला. १९६७ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी. त्याआधी सुमारे साडेपाच वर्षे त्याचा गोवा मुक्त झाला होता. आज आमच्या रोह्याच्या स्टेशनापासून कोकण रेल्वे सुरू होते आणि काही तासांत गोव्याला पोचवते. ती सबंध धावू लागली १९९८ साली. चिकच्या पिढीतले किती तरी वादक मात्र आगबोटीतून, बाकाखाली व्हायोलिनची पेटी जपत, रात्रभर समुद्र ओलांडून मुंबईस येत.

पण त्याचा सूर कुठे गेला नाही, याचा अनुभव मला रोह्यातच आला. माळा आवरायचा तो दिवस संपला, आणि संध्याकाळी कुठल्याशा वरातीचा सराव करणारा ब्रास बँड गल्लीतून गेला. भगवानदादांचेच गाणे. पुढे वाजवणारा पोरगा विशीतला असेल. त्याने दोन कडव्यांच्या मधला तो ट्रंपेटचा तुकडा जसाच्या तसा, एकही स्वर न सांडता वाजवला. त्याला तो त्याच्या उस्तादाने शिकवला असेल, उस्तादाने तबकडीवरून उचलला असेल. सत्तर वर्षे झाली, कागद गेले, माणसे गेली, तरी स्वर तोंडातोंडी वाहत आहे. चुकले ते एकच. हा वारसा आपल्याला कोणाकडून आला, हे त्या पोराला कोणी सांगितले नाही, जसे मामांनाही कोणी सांगितले नव्हते.

असो. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी माळे निघतील. भंगारवाला दारात उभा असेल. जुन्या तबकड्या त्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी, वाचकहो, एकदा त्या हातात घ्या. लाखेची तबकडी हातून पडली तर फुटते, पण जपली तर माणसापेक्षा अधिक जगते. तिच्यावर नाव नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, नातवंडांना शोधायला लावा. हल्ली ती पोरे बोटाच्या टोकावर जग आणतात, हीसुद्धा माहिती आणतील.

गणपतीत आमच्याकडे मूर्ती आली ती पेणचीच. त्या गृहस्थांनी आखलेले डोळे आरतीच्या उजेडात असे काही बोलत होते की पाहत राहावे. दहाव्या दिवशी मूर्ती पाण्यात सोडली. मात्र त्याआधी, घरातल्या मुलांना जवळ बोलावून, ती कोणाच्या हातची ते मी नावानिशी सांगितले. परत येताना ते नाव विचारून घ्यायला मी विसरलो नव्हतो.

आणि त्याच रात्री ट्रंक उघडून 'अलबेला'ची ती तबकडी काढली. तिच्या जीर्ण पाकिटावर मामांच्या हातचा तारखेचा शिक्का अजून आहे. त्याखाली मी शिसपेन्सिलीने सावकाश लिहिले : 'यात चिक चॉकलेट आणि मंडळी आहेत. मुक्काम हळदोणे.'

मामा, आता लिहिले आहे.